तात्यांची गाडी चार बोटं खाली

तात्यांच्या तेराव्याला बरेच जण बोलले आणि प्रत्येकाच्या बोलण्यात एक वाक्य आलंच: तात्या म्हणजे जमिनीवरचा माणूस. कुणी माईक हातात आल्याबरोबर ते म्हणून मोकळं झालं, कुणी शेवटासाठी राखून ठेवलं, पण सोडलं कुणीच नाही. मी मांडवाच्या खांबाला टेकून ऐकत होतो. वाक्य खोटं नव्हतं. फक्त त्यांना जमिनीजवळ आणायचं काम माझ्या दुकानात झालं होतं, पाना आणि घण घेऊन, तेही शटर अर्धं ओढून. त्याचा उल्लेख कुणी केला नाही. करणार कसा, कुणाला माहीतच नव्हतं.

जेवणं उरकल्यावर मी काकूंपाशी, तात्यांच्या बायकोपाशी, गेलो. म्हटलं, काकू, गाडीचं मी आजवर कुठं बोललो नाही, पण आता लिहावंसं वाटतंय. काकू आचाऱ्याची पातेली परत द्यायला एका जागी लावत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "लिवा की. आता कुटं चढायचंय त्यान्ला."

परवानगी मिळाली, म्हणून लिहितो आहे. यात थोडा माझाही स्वार्थ आहे, तो पुढे कळेल.

गेवराईच्या बायपासला माझं पाट्यांचं दुकान आहे. पाटे म्हणजे गाडीच्या खाली, मागच्या चाकांवर, कमानीसारख्या वाकवलेल्या पोलादी पट्ट्या. गाडीतलं सगळं ओझं त्यांच्यावर येतं. मी मूळचा आष्टीकडचा, मेंढरांमागे फिरणाऱ्या घरातला. नगरच्या एका दुकानात घण मारायला लागलो, शिकलो, भांडून बाहेर पडलो आणि भांडूनच स्वतःचं दुकान उभं केलं. भाव करताना मी कुणाच्या बापाचं ऐकत नाही, असं गिऱ्हाईक सांगतात. ते खरं आहे. फक्त एका माणसापुढे माझा भाव कधी टिकला नाही आणि त्या माणसाच्या तेराव्याला मी दोन जिलब्या जास्त खाल्ल्या, तेवढीच वसुली.

तात्या चकलांब्याकडच्या एका गावचे. जमीन बरी, घराणं जुनं, एकदा सरपंचकी, एकदा बाजार समिती आणि त्यानंतर कायमचे भावी. चौकात त्यांचा फलक असायचा, "भावी जिल्हा परिषद सदस्य". निवडणूक आज लागेल, उद्या लागेल, असं करत वर्षं गेली. फलक उन्हानं पांढरा पडला की नवा लागायचा. फोटो तोच, मिशा तितक्याच काळ्या. आमच्याकडे आमदार माजी होतो, सभापती माजी होतो. भावी मात्र कधी माजी होत नाही. राजकारणात एवढी पक्की जागा दुसरी नाही.

फोन आला की ते एकच सांगायचे, "बोला, गाडीतच हाय." न्हाव्याच्या खुर्चीत असोत, शेतात असोत, ते गाडीतच असत. काकू म्हणायच्या की एकदा अंगावर पाण्याचा तांब्या ओतता ओतता मोरीतूनसुद्धा त्यांनी हेच सांगितलं होतं आणि पलीकडच्यानं विचारलं होतं, तात्या, पाऊस लागलाय का तिकडं.

दुसरी सवय माझ्या वाट्याची. काम असलं की ते मला "मिस्त्री, तुमी" म्हणत. काम झालं की "तू बे". त्यांच्या तोंडून "तू" ऐकलं की मी समजून जायचो, गाडी पसंत पडली. आणि भाव विचारला की उत्तर ठरलेलं, "घरचं समजून करा." घरचं समजून कामं करायला लागलो असतो तर मला घरच राहिलं नसतं, हे मी त्यांना अनेकदा ऐकवलं. ते मान डोलवायचे आणि म्हणायचे, "म्हनून तर तुमच्याकडं येतो. खरं बोलनारा मानूस हाय."

त्यांची गाडी म्हणजे पांढरी, चार दारांची, मागे हौदा असलेली फोर बाय फोर पिकअप. घेतली त्याच आठवड्यात माझ्या दारात आणली. कारखान्यातून आली ती उंची त्यांना पसंत नव्हती.

"मिस्त्री, तुमी आमाला एवढी वर करून द्या, की समोरच्यानं मान वर केल्याबिगर नमस्कारच घालता येऊ न्हाई."

मी एक्सल आणि पाट्यांच्या मध्ये लोखंडी ठोकळे घातले, पुढचे पिळाचे दांडे आवळले, चाकं मोठी बसवली. गाडी इतकी वर गेली की बाजूला उभा राहिलेला माणूस आपोआप अर्जदार वाटायचा. तात्या खूश. "तू बे" ऐकून मीही खूश. पुढच्या बाजाराला स्टँडसमोरच्या हॉटेलात चहा पीत उभा होतो, तर पलीकडच्या टेबलावर तात्या सांगत होते, "पुन्याहून करून आनली. आपल्याकडं कुटं व्हतंय असलं काम."

मी कप ठेवला आणि सरळ समोर जाऊन उभा राहिलो. आवाज चढवायच्या आत त्यांनी खांद्यावर हात टाकून मला बाहेर नेलं.

"हे बग, पुन्याचं नाव घेतलं की गाडीचं वजन वाढतं. तुझं घेतलं की कमी व्हतं. गाडी माझी हाय बे, तुझं काय जातंय?"

 माझं काय जातंय, ते आता नीट सांगता येईल, पण ऐकायला ते नाहीत.

त्या गाडीचा चारही चाकं चालवणारा दांडा कायम नवाकोराच असायचा. फोर बाय फोर हे त्यांना दारावरच्या अक्षरांपुरतं हवं होतं. एकदाच तो दांडा खरा कामी आला. गावाखालच्या ओढ्याला अचानक पाणी आलं होतं आणि मेंढपाळांचा एक टेम्पो, बायकापोरं आणि कोकरांसकट, मधोमध रुतला होता. तात्यांचा ड्रायव्हर बबन म्हणाला, दोर तुटंल, आपली गाडी बी जाईल. तात्या पांढऱ्या कपड्यांनिशी कमरेएवढ्या पाण्यात उतरले, स्वतः दोर बांधला आणि टेम्पो बाहेर काढला. बाईनं एक कोकरू पुढं केलं, ते घेतलं नाही. हे मला त्या मेंढपाळानं सांगितलं, तो आमच्या आष्टीकडचाच. तात्यांनी सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता, कारण त्यांच्या तोंडी पुढे त्या टेम्पोचा ट्रक झाला, ओढ्याची गोदावरी झाली आणि दोर दातात धरला गेला. गुडघे दुखायला लागले तेव्हा त्याचं खापरही त्यांनी त्याच पाण्यावर फोडलं. डॉक्टरांचं मत होतं की वय झालं आहे आणि वजन कमी करावं. तात्यांनी डॉक्टर बदलला.

निवडणूक लांबत होती, पण गुडघे काही तिच्यासाठी थांबले नाहीत. आणि नेमका त्याच सुमाराला तो व्हिडिओ आला.

शेजारच्या गटात तात्यांसारखेच एक भावी होते, वयानंही तेवढेच. त्यांची गाडीही उंच. चढताना त्यांचा माणूस प्लास्टिकचं स्टूल ठेवायचा. एका लग्नात स्टुलाचा पाय घसरला, भावी दाराला लोंबकळले आणि दोघांनी त्यांना मागून रेटून आत घातलं. कुणीतरी ते टिपलं, खाली ढोलकी लावली, आणि संध्याकाळपर्यंत आष्टीपासून घाटनांदूरपर्यंत प्रत्येक फोनवर ते वाजत होतं. लोक त्यांना स्टूलसाहेब म्हणायला लागले. पक्षानं कळवलं की यंदा तरुणांना संधी द्यायचा विचार आहे. एका प्लास्टिकच्या पायामुळे माणूस भावीपणातून गेला.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी, भर उन्हात, बायपासवर कुत्रंही दिसत नव्हतं अशा वेळी तात्या दुकानात आले. बबनला त्यांनी उसाचा रस आणायला गावात पाठवलं.

"शटर ओढा."

"कावून? ऊन हाय म्हनून का?"

"ओढा म्हन्तो ना, मिस्त्री."

मी अर्धं ओढलं. तात्यांनी गाडीचं दार उघडलं, हँडल धरलं, उजवा पाय उचलला. तो दाराच्या उंबऱ्याच्या खालीच थांबला. त्यांनी डावा उचलून पाहिला. मग एका पायावर जरासे उसळले आणि पुन्हा होते तिथेच आले. माझ्याकडे न बघता ते जुन्या टायरवर बसले आणि उपरण्यानं मान पुसत राहिले.  

मी म्हटलं, "पायरी लावू का दाराखाली? अर्ध्या तासाचं काम हाय."

"पायरी लावली की म्हातारा झाला म्हन्तेत."

"मग ल्हान गाडी घ्या."

"ल्हान गाडीतल्याला कोन तिकीट देतं?"

"मग राहिलं एकच. हीच खाली घ्यायची."

"घ्या. पन दिसू न्हाई."

मग आमची घासाघीस सुरू झाली. आयुष्यात मी पैशासाठी भांडलो, जागेसाठी भांडलो, एकदा दुकानासमोरच्या लिंबासाठी भांडलो, पण बोटांसाठी पहिल्यांदाच.

"सहा बोटं खाली घ्यावी लागंल," मी म्हणालो.

"सहा? गाडी हाय का चप्पल? दोन घ्या."

"दोन बोटात तुमचा गुडघा ऐकनार हाय का?"

"गुडघ्याला मी समजावतो."

"मग गाडीला बी तुमीच समजवा. मला कशाला शटर ओढायला लावलं?"

"तीन. घरचं समजून."

"घरच्याला सात सांगितली असती."

चारवर सौदा ठरला. तात्यांनी स्वतःचा हात चाकावरच्या पत्र्याला लावून चार बोटं मोजून दाखवली. त्यांची बोटं चांगली जाड. त्यांच्या चारांत माझी पाच बसत होती. मी ते बोललो नाही. भाव करताना मोजणारा हात कुणाचा, हे आधी बघायचं असतं.

गाडी वर घेताना घातलेले ठोकळे काढले. पाटे सोडून त्यांची कमान घणानं थोडी मोडली, पुढचे दांडे सैल केले, खालचे रबरी गुटके कापले. गाडी बसली. मग ती बसलेली दिसू नये म्हणून टपावर भलं मोठं कॅरियर चढवलं, त्यावर दिव्यांची रांग, आणि झेंड्याची काठी दुप्पट लांब केली. वरून मोजली तर गाडी आधीपेक्षा उंचच भरत होती. लोकही वरूनच मोजतात. पुढचा महिनाभर गावात चर्चा होती, तात्यांनी गाडी अजून वाढवली.

एक अट मात्र मी घातली. "हौद्यात चार-पाचच्या वर मानसं घेऊ नका. पाटे आता मऊ झालेत. जास्त भरली की पोट जमिनीला लागंल."

"न्हाई घेत. शब्द."

तात्यांनी दार उघडलं, पाय टाकला आणि बसले. उतरले. पुन्हा बसले. मग नुसतेच आत बसून आरशात बघत मिशी सारखी करत राहिले. संध्याकाळी बबन तिसऱ्या खेपेचा रस घेऊन आला तेव्हा ते खाली उतरून, उभ्यानं, एका दमात प्याले. "तू बे" मात्र म्हणाले नाहीत. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

पावसाळा संपता संपता निवडणुकीची हवा पुन्हा उठली आणि पक्षाचे निरीक्षक गटात फिरायला आले. कोण भावी खरोखर चालता-फिरता आहे, हे बघणं त्यांचं काम. सभा तात्यांच्याच गावी, शाळेच्या मैदानात ठेवली. तात्यांचा मला फोन आला.

"मिस्त्री, तुमी मोटारसायकलवर मागं मागं ऱ्हावा. काय झालं तर हाताशी."

सकाळी गावाबाहेर त्यांच्या वाड्यावर पोचलो तर तात्या आत तयार होत होते आणि बाहेर हौद्यात माणसं चढत होती. चार झाली, दहा झाली, मग मोजणं बंद केलं. दांड्याला धरून उभी, फाळक्यावर बसलेली, एकजण कॅरियरवर. मी बबनला बोललो. तो म्हणाला, "मी काय बोलू, त्यान्लाच इचारा." तात्या बाहेर आले. मी त्यांना कोपऱ्यात घेतलं.

"तात्या, शब्द दिलता. निम्मी उतरवा."

"कुनाला उतर म्हनू? आज जो उतरंल तो उद्या दुसऱ्याच्या गाडीत चढंल."

याला माझ्याकडे पाना नव्हता. शिवाय त्या ओझ्यानं गाडी इतकी खाली आली होती की तात्या पलंगावर बसावं तसे आत बसले. मिरवणूक निघाली. पुढे तात्या, मागे निरीक्षकांची गाडी, त्यामागे मोटारसायकली, त्यात मी.

गावाच्या तोंडाशी एक गतिरोधक आहे. वाळूचे टिप्पर भरधाव जायचे म्हणून तात्यांनीच पुढाकार घेऊन तो करून घेतला. मापाचं कुणी बघितलं नाही; तात्या म्हणाले वर घ्या, गवंड्यानं वर घेतला. टिप्परवाले त्याला घाबरतात. तात्यांच्या कार्यअहवालात त्याचा फोटो आहे.

पुढची चाकं त्यावरून गेली आणि गाडी पोटावर बसली. बबननं तो नवाकोरा दांडा ओढला. चाकं फिरली, धूर निघाला, गाडी कासवासारखी जागच्या जागी हलली. हौद्यातल्यांनी घोषणा चालूच ठेवल्या. त्यांना वाटलं, मुद्दाम थांबलोय. मी पळत पुढे गेलो आणि ओरडून सगळ्यांना खाली उतरवलं. मागून निरीक्षक उतरून आले. जाड गृहस्थ, पायात नवे बूट. ते खाली उभे म्हटल्यावर तात्यांना आत बसून चालणार नव्हतं. ते उतरले, झोकात उतरले. निरीक्षकांच्या डोळ्यांत कौतुक दिसलं.

ओझं गेल्याबरोबर पाट्यांनी पुन्हा कमान धरली. गाडी वर आली आणि बबननं ती अलगद पलीकडे काढली. पुन्हा अडकेल म्हणून आता हौद्यात कुणी चढेना. बबननं दार उघडून धरलं. निरीक्षक म्हणाले, "बसा तात्या, आम्ही मागून येतो."

मी चाकापाशीच उभा होतो. रिकाम्या गाडीत तात्यांना चढता यायचं, पण अलीकडे ते आंघोळ-मालीश झालेल्या गुडघ्यांनी, सकाळच्या वेळी, कुणी बघत नसताना. आत्ता ऊन चढलं होतं, अर्धा तास पाय दुमडून बसून झाला होता, आणि समोर सगळ्यांच्या हातात फोन होते. तात्यांनी दारावर हात ठेवला. पाय उचलायच्या बेतात थोडा वेळ तसेच राहिले. माझ्याकडे एकदा पाहिलं. मी नजर चाकाकडे वळवली.

मग त्यांनी दार लोटून दिलं, धाडकन.

"आपल्याच गावात गाडीत बसून कशाला जायचं? चला, पायी."

शाळा चढावर आहे. तात्या चालले. पहिल्या काही पावलांत मी पाहिलं की ते जबडा आवळून चालत आहेत, मग त्यांनी दोन्ही हात जोडून वर धरले आणि प्रत्येक ओट्यासमोर थांबायला लागले. लोकांना वाटलं, विचारपूस करताहेत. बायका ओवाळायला आल्या. त्यांनी एका म्हातारीच्या खांद्यावर हात ठेवून तिच्या नातवाची चौकशी केली, पुढच्या दारात एका पैलवानाच्या खांद्यावर. इतकं प्रेमळ कुणी कुणाला टेकलेलं मी पाहिलं नाही. निरीक्षक बूट सांभाळत मागून येत होते, घामाघूम.

स्टेजवर खुर्चीचा आधार घेऊन तात्या उभेच राहिले, उभ्यानंच बोलले. बसलो तर उठता यायचं नाही, हे मला कळत होतं. लोकांना वाटलं, जोश. आणि ते म्हणाले, "माझ्या गाडीचे पाटे गेवराईच्या एका मिस्त्रीनं बिघडवून ठिवले. गाडी भर रस्त्यात बसली. पन लई बरं केलं त्यानं. मिस्त्रीनं दगा दिला, पायांनी न्हाई दिला."

टाळ्या थांबेनात. निरीक्षक उठून उभे राहिले. तिकीट पक्कं, असं त्यांनी स्टेजवरच तात्यांच्या कानात सांगितलं, म्हणजे माईकवर सगळ्यांना ऐकू गेलं.

गेवराईत पाट्यांचं दुकान कोणाचं, हे सांगायला माईक लागत नाही. दुसऱ्या दिवसापासून येणारा जाणारा गाडीखाली डोकावून म्हणायचा, "मिस्त्री, आमची तात्यासारकी बसवू नका." एक उसाचा ट्रॅक्टरवाला, वर्षानुवर्षांचं गिऱ्हाईक, माझ्या दारावरून पुढे दुसरीकडे गेला. वर घेतलं ते पुण्यानं, खाली बसवलं ते मी. मी दुकान बंद केलं आणि तात्यांच्या घरी गेलो. वाटेत सगळी भाषा जुळवून ठेवली होती, त्यातली निम्मी इथं लिहिता येणार नाही.

तात्या बाजेवर होते. दोन्ही गुडघ्यांना एरंडाची पानं शेकून बांधलेली, सूज पानांच्या बाहेर आलेली. सभेपासून उठले नव्हते. काकूंनी चहा ठेवला आणि दार ओढून घेतलं.

"तात्या, तुमी माझं नाव घेतलं."

"नाव कुटं घेतलं? मिस्त्री म्हनलो."

"गेवराईत पाट्याचा मिस्त्री मीच हाय."

"मग जाहिरात झाली की तुमची."

माझा हात कपाकडे गेला, फेकायला. त्यांनी तो धरला. पकड अजून चांगली होती.

"हे बगा मिस्त्री. तुमचं नाव आज बिगडलं तर उद्या दुरुस्त व्हईल. माझं आज उघडं पडलं तर कायमचं पडलं. त्या स्टुलाचं बगितलं न्हव काय झालं? आज त्याला कुनी पत्रिका बी देत न्हाई."

"म्हनून माझा बळी?"

"उधार हाय. निवडनूक झाली की मी सवता माईक घेऊन सांगन, गाडी म्याच खाली घ्यायला लावली, काम एक नंबरचं झालतं, मानसं म्या जास्त भरली. गावोगाव सांगन. तवर झाका."

मी भाव केला. म्हटलं, लिहून द्या. म्हणाले, लिहिलेलं बाहेर जातं. म्हटलं, निदान तालुक्यात चार जणांना सांगा. म्हणाले, चारांचे चाळीस व्हतेत. शेवटी मी चहा प्यालो आणि परत आलो. म्हणजे काय ते समजा.

त्या दिवसापासून जिल्हा परिषदेच्या निवडणुकीची माझ्याइतकी वाट कुणी पाहिली नसेल. मी कधी पेपर वाचायचो नाही, तो लावला. आरक्षण, गटरचना, कोर्टाची तारीख, सगळं तोंडपाठ. तारीख पुढे गेली की तात्या हळहळायचे आणि मी टायरला लाथ मारायचो. ते तिकिटासाठी थांबले होते, मी नावासाठी.

गुडघे आणखी गेले. आता खाली घेतलेली गाडीही उंच पडायला लागली. सकाळी वाड्याच्या आत, फाटक लावून, काकू त्यांचा पाय दोन्ही हातांनी उचलून आत ठेवायच्या. मग फाटक उघडायचं आणि तात्या दिवसभर गाडीतच. फोनवर सांगत आले होते ते शेवटी खरं झालं. बाजारात गाडी उभी, काच खाली, लोक येऊन बोलून जात. पूर्वी प्रत्येकाच्या ओट्यावर बसणारा माणूस आता उतरत नाही म्हटल्यावर लोक बोलायला लागले. तिकीट पक्कं झालं तर डोक्यात हवा गेली, म्हणाले. तात्यांच्या कानावर हे येत होतं. एकदा मी म्हटलंही, तात्या, लोक लई वंगाळ बोलायलेत. ते म्हणाले, "बोलू द्या. माजलेल्याला मतं मिळत्यात. लंगड्याला कीव मिळती."

निवडणूक लागायच्या आतच तात्या गेले; त्यांना मी शेवटचं पाहिलं ते गेवराईजवळच्या एका मंगल कार्यालयात. तात्यांच्या सोयऱ्यांकडचं लग्न. तात्यांची गाडी थेट मांडवाच्या तोंडापर्यंत आली आणि तिथंच थांबली. मंगलाष्टकं झाली, तात्यांनी काचेतून हात काढून अक्षता टाकल्या. त्या बबनच्या डोक्यावर पडल्या. नवरदेवाचा बाप पळत येऊन म्हणाला, तात्या, जेवायला उतरा. तात्या म्हणाले, पुढं दोन लग्नं हायेत. नवरा-नवरीला गाडीपाशी आणून पाया पडायला लावलं. पंगतीला उभे असलेले हे सगळं बघत होते.

"काय ताठा हाय बे," एकजण म्हणाला. "सोयऱ्याच्या दारात उतरंना."

दुसरा म्हणाला, "असा न्हवता रे हा मानूस. पाय बिय तर न्हाईत ना गेले? परवा चकलांब्यात बी गाडीतच बसून व्हता."

आजूबाजूचे जवळ सरकले. पहिल्यानं मान वळवून मला विचारलं, "मिस्त्री, तुमची तर लई उठबस. कावून उतरंना हो हा?"

गाडीची काच खालीच होती आणि अंतर काही फार नव्हतं. तात्या समोर बघत होते. त्यांचा उजवा हात मांडीवरून सरकून गुडघ्यावर जाऊन थांबला होता. मला वर्षभरात तुटलेली सगळी गिऱ्हाइकं आठवली, तो ट्रॅक्टरवाला आठवला. एक वाक्य बोललो असतो तर संध्याकाळपर्यंत माझं नाव स्वच्छ झालं असतं.

मी चांगला मोठ्यानं बोललो, गाडीपर्यंत जाईल असा.

"माज हाय, दुसरं काय. पहिल्यापासून मी वळखतो ह्या मानसाला. उतरून जेवायचं नाव न्हाई, गर्व गच्च भरलाय. मिस्त्रीला इसरला, सोयऱ्याला इसरला, उद्या तिकीट हातात आलं की देवाला बी काचेतूनच हात करंल."

लोक हसले. पाय गेल्याची गोष्ट तिथल्या तिथं मेली. मनात साठलं होतं ते सगळं मला बोलता आलं, आणि वर त्यांचं कामही झालं.

तात्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं, अगदी सावकाश. "ऐकतोय मी," ते म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. मग तेवढ्याच आवाजात, "तू बे लई बोलायला लागलास."

काच वर गेली आणि बबननं गाडी काढली.